पद्मिनीचे पाटे

आमची १९८६ची प्रीमियर पद्मिनी गेल्या पावसाळ्यापासून मागून उजवीकडे बसायला लागली होती. गतिरोधकावरून उतरली की डिकीखालून ‘ठक्’. बघणाऱ्या प्रत्येकाचा सल्ला एकच, “काका, एक पाटा वाढवा!” पाटा म्हणजे मागच्या स्प्रिंगमधली एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांपैकी एक. अहो, टॅक्सीवाल्यांचं ठीक होतं. त्यांच्या टपावर ट्रंका, वळकट्या आणि आत कोंबलेलं अख्खं कुटुंब. आमच्या मागच्या सीटवर बहुतेक वेळा भाजीची पिशवी असते.

या गाडीला पुढे कॉइल स्प्रिंग आहेत, मागे मात्र दोन्ही चाकांना जोडणारा अखंड ॲक्सल आणि दोन्ही बाजूंना पाट्यांची कमान. पाटे नुसतं वजन पेलत नाहीत, ॲक्सलही जागेवर धरून ठेवतात. त्यामुळे पाट्यांच्या टोकांतले रबरी बुश झिजले की क्लच सोडताना मागून हिसका बसतो. आमच्याकडे तोही सुरू झालेला.

कुर्ल्यात पद्मिनी, म्हणजे मूळची फियाटच, बनायची थांबून दोन दशकं उलटली, पण पुण्याच्या नाना पेठेत ‘फियाटचे बुश’ म्हटलं की अजून पुडी निघते. फक्त दुकानात वर्षानुवर्षं पडून रबर कडक होतं, म्हणून मी नख रुतवून बघितल्याशिवाय पैसे देत नाही. शॅकलच्या, म्हणजे पाट्याचं टोक गाडीला टांगणाऱ्या कडीच्या, पिना आणि पाटे ॲक्सलला आवळणारे यू-बोल्टही नवेच घेतले. एकदा ताणलेला यू-बोल्ट परत वापरणं मला पटत नाही.

खोलताना पाट्याच्या पुढच्या डोळ्यातला, म्हणजे टोकाच्या वेटोळ्यातला, बोल्ट बुशच्या नळीत गंजून एकजीव झालेला. रॉकेल झालं, हातोडा झाला, शेवटी ग्राइंडरने कापला. पाटे सुटे करून तारेच्या ब्रशने घासले, तेव्हा उजवीकडच्या दुसऱ्या पाट्याला, सगळे पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टच्या भोकातून आरपार तडा दिसला. वरून जादा पाटा चढवला असता तर गाडी उचलली गेली असती आणि तडा तसाच आत राहिला असता.

कमानवाला भट्टीत तापवून बाक द्यायला निघाला होता. लालबुंद केलेल्या पोलादाला नीट पाणी दिलं नाही तर ते पुन्हा बसतं, म्हणून थंडच ठोकून घ्यायला लावलं. दोन्ही बाजूंचं केलं. एकाच बाजूचं केलं तर गाडी आता डावीकडे कलणार. तुटका पाटा बदलला, मध्ये ग्रॅफाइटचं ग्रीस.

बसवताना सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलच्या खाचेत बरोबर बसलंय ना, हे बघावंच लागतं. नाहीतर मागची चाकं तिरकी धावतात. आमच्या मिस्त्रीशी वाद झाला तो पुढच्या टप्प्यावर. त्याला गाडी घोडीवर (स्टँडवर उचललेली) असतानाच सगळं आवळायचं होतं. पण चाकं लोंबकळत असताना बुश आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. “काका, खाली पाना फिरवायला जागा कुठंय?” मग चारी चाकांखाली जाड फळ्या सरकवल्या आणि गाडीचा पूर्ण भार चाकांवर आल्यावर शेवटचे आटे दिले.

‘ठक्’ गेलं. थोडी चालवून यू-बोल्ट पुन्हा आवळून घेतले, तेव्हा अर्धा आटा बसलाच. शॉकअप मात्र जुनेच आहेत, डावा तेल गाळतोय. ते दिवाळीनंतर.