तलावाच्या पोटातला गलका

साकोलीहून अर्जुनी मोरगावला जाणाऱ्या एस.टी.त मी प्रवाळ ऐकत होतो. ऑस्ट्रेलियाजवळच्या ग्रेट बॅरियर रीफचं ध्वनिमुद्रण. कढईत लाह्या फुटाव्यात तसा अखंड तडतडाट, मधूनच कुणी घुमल्यासारखं. तडतड करते ती बोटाएवढी कोळंबी. ती नांगी इतक्या झटक्यात मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होतो आणि लगेच चिरडला जातो. आवाज त्या बुडबुड्याचा. घुमतात ते मासे, स्नायूंनी पोटातली हवेची पिशवी थरथरवून. समुद्रात वाहत गेलेली पिल्लं हा गोंगाट ऐकून प्रवाळाकडे परततात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तिथल्या लिझार्ड बेटाजवळ, मेलेल्या प्रवाळाच्या ढिगांवर निरोगी प्रवाळाचा आवाज ४० दिवस वाजवला. जिथे तो वाजवला नाही, त्या ढिगांच्या दुप्पट मासे तिथे जमले.

मला प्रश्न पडला होता, आपल्या तलावांना असा आवाज असेल का?

पूर्व विदर्भातला हा मुलूखच तलावांचा. नवेगावबांधच्या मोठ्या तलावापासून गावागावातल्या बोड्यांपर्यंत, म्हणजे लहान तळ्यांपर्यंत, कोहळी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाणी अडवायला मातीचे बांध घातले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणारी जमीनदारी, गेली आणि हे तलाव 'माजी मालगुजारी' म्हणवले जाऊ लागले. मासेमारी करतात ढिवर. त्यांच्यातल्याच एका काकांनी मला सकाळी डोंग्यात घेतलं. हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा मायक्रोफोन, पाण्यात सोडला आणि हेडफोन लावला.

पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त. त्यामुळे सगळं अगदी कानाशी आल्यासारखं वाटतं. पाणकिड्यांची किरकिर. ऊन चढलं तशी बारीक टिकटिक वाढली. पाणवनस्पती उन्हात प्राणवायू सोडतात, त्या बुडबुड्यांची. मग एकदम करकर. मी हेडफोन काकांना दिला.

"शिंगटा हाये जी," ते लगेच म्हणाले. "जाळ्यातून काढताना असाच करते."

बरोबरच होतं. शिंगटा हा मिशांचा मासा कल्ल्यामागचा काटा सांध्यात घासून हा आवाज काढतो. आणि तो, रोहू, कटला यांचे कानही तयार: हवेची पिशवी आणि कान यांना बारीक हाडांची साखळी जोडते. प्रवाळावरच्या बहुतेक माशांना ही सोय नाही. आपल्या डबक्यातला मासा समुद्रातल्यापेक्षा तिखट कानाचा, हे कळल्यापासून मी रोहूकडे आदराने बघतो.

दुपारी काका शेजारच्या बोडीवर घेऊन गेले. काठाने बेशरम नावाचं रानटी झुडूप माजलेलं, पाण्यात वनस्पती जवळजवळ नाही. हेडफोनमध्ये वाऱ्याने हलणारं पाणी आणि दूरची मोटर, एवढंच. एका दुपारच्या ऐकण्यावरून निकाल देऊ नये, पण मला वाईट वाटलं.

काकांना मी लिझार्ड बेटाची गोष्ट सांगितली. "मंग इथं तो आवाज वाजवला त येतीन का मासे?"

तिथे पिल्लं समुद्रातून वाहत येत होती, म्हणून आवाजाने थांबली. बोडीत मासा येणार तो पावसाळ्यात, नाल्याच्या पाण्याने, आणि अंडी घालायला त्याला वनस्पती लागणार. त्या नसतील तर आवाज ऐकून येणार कोण आणि राहणार कुठे?

"त पयले बेशरम काढा लागते," काका म्हणाले. पाणी उतरलं की जेठात, पावसाच्या आधी, मुळासकट. आणि मोठ्या तलावातली रोपं आणून इथल्या गाळात लावायची. गावातल्या बायकांशी ते त्याच संध्याकाळी बोलणार होते.