उशी, उशीर आणि वाळा

झोप न येणाऱ्या माणसाला सल्ल्यांची वानवा नसते. गंमत अशी, की सल्ला देणारे बहुतेक सगळे पाठ टेकताच घोरणारे. आमच्या घरात असा एक नमुना आहे. दिवा मालवून मी चष्मा बाजूला ठेवेपर्यंत त्याची गाडी दोन स्टेशनं पुढे गेलेली असते. मग उरते मी, छत, आणि आठ वर्षांपूर्वी एका बाईंना उगाच दिलेलं उद्धट उत्तर, जे नेमकं रात्री सव्वा वाजता आठवतं.

"पिलो स्प्रे वापरून बघ," मैत्रीण म्हणाली. म्हणजे झोपण्याआधी उशीवर फवारायचं वासाचं पाणी. "नॅचरल घे मात्र." तिच्या त्या 'मात्र'ने माझे पुढचे पंधरा दिवस खाल्ले.

कारण नॅचरल म्हणजे काय, हे बाटलीकडे बघून कळत नाही. पुढून सगळ्याच साध्वी. मातकट कागद, त्यावर पानांची नक्षी. पाठीमागे मात्र मुंगीएवढ्या अक्षरांत 'फ्रॅग्रन्स' असा एकच शब्द. त्या शब्दाच्या पोटात किती आणि काय काय बसलंय, ते आपल्याला कळायला मार्ग नाही. म्हणून मी ठरवलं, की वनस्पतीचं पूर्ण नाव छापलेलं असेल तीच बाटली घरात येईल. नुसतं 'लॅव्हेंडर' म्हणून भागत नाही. 'लॅव्हेंडुला अँगस्टिफोलिया' ही मवाळ स्वभावाची. तिच्या संकरातून आलेलं लॅव्हेंडिन भरघोस पिकतं, तेलही भरपूर देतं, पण त्याच्या अंगात कापूर जास्त. कापराच्या वासाने मी तरी झोपायची नाही. उठून कपाट आवरायला घेईन.

एका बाटलीवर नाव अगदी खानदानी होतं, आणि त्याखाली लिनालूल, लिमोनीन वगैरे रसायनांची मंडळी. सापडली चोरी, म्हणून मी ती बाटली दोन बोटांनी उचलून परत ठेवली. नंतर कळलं, की लिनालूल हा लॅव्हेंडरच्या तेलाचा स्वतःचाच मोठा भाग. काहींना त्याची ॲलर्जी होते, म्हणून युरोपच्या नियमांनुसार अशी नावं वेगळी छापावी लागतात. म्हणजे ज्याने खरं सांगितलं त्यालाच मी चोर ठरवलं होतं. शिवाय ताज्या लिनालूलपेक्षा हवा लागून शिळं झालेलं लिनालूल त्वचेला जास्त छळतं. म्हणून गडद काचेची बाटली, घट्ट झाकण आणि उन्हापासून लांबची जागा. खिडकीत ठेवून फोटो छान येतो, तेवढंच.

मग मला घरीच करण्याची हुक्की आली. हिशेब सोपा होता: साधारण 20 थेंबांचं 1 मिलिलिटर होतं, म्हणजे 100 मिलिलिटर पाण्यात 20 थेंब टाकले की 1 टक्का. पण हिशेब जमला तरी तेल आणि पाणी जमत नाही, हे शाळेत शिकलेलं ऐन वेळी आठवलं नाही. पहिले आठ दिवस मी उशीवर बहुधा निव्वळ पाणी मारत होते. तेल वर तरंगत आपल्या वेळेची वाट बघत होतं, आणि बाटली तळाला गेल्यावर एका रात्री ते सगळं एकदम आलं. अभ्र्यावर तळहाताएवढा डाग पडला. शेजारचा माणूस झोपेतच शिंकला आणि पुन्हा घोरू लागला, याचं मला आजही वैषम्य वाटतं. बाजारातल्या स्प्रेमध्ये तेल पाण्यात पसरून राहावं म्हणून अल्कोहोल किंवा एखादा मिसळक घातलेला असतो, आणि पाणी नासू नये म्हणून टिकवणारं काहीतरी. 'टिकवण्यासाठी काहीही घातलेलं नाही' अशी फुशारकी पाणीदार बाटलीवर दिसली, की मी आता मागे सरते. पाण्यात जंतू वाढणं हेही नैसर्गिकच आहे.

घरात मांजर असेल तर मात्र हा सगळा खटाटोप एका वाक्यात संपतो: नको. अशा तेलांमधली बरीच द्रव्यं निकामी करून बाहेर टाकण्याची जी सोय आपल्या यकृतात असते, ती मांजराच्या यकृतात फार तोकडी असते, आणि मांजर अंगाला लागलेलं सगळं चाटून पोटात घेतं. आमच्याकडे मांजर नाही. उशीवर हक्क सांगणारं एक माणूस आहे, पण ते काही चाटत नाही.

तर शेवटी एक नीट बाटली आली आणि मी पहिल्या रात्री सात-आठ फवारे मारले. उशी ओली, नाक झोंबलेलं, डोळे चुरचुरत होते. आणि मी आडवी पडून झोप येते का याकडे कान लावून बसले. झोपेची अशी वाट बघितली की ती दारातून परत जाते. दुसऱ्या रात्री शहाणपण आलं. हातभर अंतरावरून दोन फवारे, तेही उशीच्या कडेला, आणि पाच-दहा मिनिटं ती तशीच सोडून दात घासायला जायचं. ओल उडून जाते, वास राहतो.

तो राहतो, असं मला वाटायचं. पण पडल्यावर थोड्याच वेळात वास नाहीसा व्हायचा. मी उशीत नाक खुपसून हुंगायचे. काही नाही. बाटली फसवी आहे अशी तक्रार मनातल्या मनात लिहूनही झाली. मग समजलं, की बाटली आपलं काम करत होती, कामावरून उठलं होतं ते नाक. एकच वास सतत येत राहिला की नाक काही मिनिटांत त्याची दखल घेणं सोडून देतं. आणि झोप लागल्यावर तर विचारूच नका. 2004 साली अमेरिकेत मेरी कार्सकाडन आणि रेचल हर्झ या दोघींनी झोपलेल्या मोजक्या माणसांना पेपरमिंटचा वास दिला, पिरिडीन नावाच्या द्रव्याची दुर्गंधीही दिली. झोप चांगली गाढ झाली की माणसं त्या वासांनी जवळजवळ जागी होतच नव्हती. धुराचा वास येऊन आपण उठू, या भरवशावर म्हणूनच राहू नये.

म्हणजे रात्रभरासाठी म्हणून आणलेली ही बाटली खरी कामाला येते ती झोपेआधीच्या पंधरा-वीस मिनिटांत. तेवढ्यात काय होणार, असं वाटतं खरं. पण वासाला मेंदूत लांबचा रस्ता नाही. डोळ्याकानांचं टपाल आधी मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या कचेरीत जातं. वास नाकामागून जवळजवळ थेट भावना आणि आठवणींच्या घरात शिरतो. जपानच्या कागोशिमा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 साली उंदरांना लिनालूल हुंगायला दिलं तेव्हा त्यांची भीती कमी झाली, आणि ज्या उंदरांची वास घेण्याची शक्तीच काढून घेतली होती त्यांच्यावर काहीच परिणाम दिसला नाही. उंदरांचं ठीक आहे, त्यांना कुणाला उद्धट उत्तर दिल्याचं आठवत नसेल. माझ्या बाबतीत मला संशय आहे तो सवयीचा. रोज त्याच वेळी, दिवा घालवण्याआधी, तोच वास. महिनाभराने तो वास आला की खांदे आपोआप खाली येऊ लागले. आता हे लिनालूलने केलं की महिनाभर वेळेवर दिवा घालवल्याने, हे वेगळं काढायचं तर एक महिना वास न मारता वेळेवर दिवा घालवायला हवा. तेवढी शास्त्रनिष्ठा माझ्यात नाही.

लॅव्हेंडरशी माझं फार काळ जमलं नाही. ते मला सदा पाहुण्यांच्या खोलीसारखं वाटत राहिलं. आता मी वाळ्यावर स्थिरावले आहे. मातीचा, मुळांचा, थोडा धुरकट वास. फुलांसारखा पुढे पुढे करत नाही, आणि तेल जड असल्याने कापडावर टिकतोही जास्त. संस्कृतात वाळ्याला उशीर म्हणतात हे मला नंतर कळलं, आणि मी रात्री अकराला एकटीच हसले. उशीवर उशीर! शेजारच्या माणसाला सांगायला वळले, पण त्याचं स्टेशन गेलेलं होतं.

रात्री वास कधी विरतो हे मी आता बघत नाही. सकाळी मात्र एक होतं. तोंड धुऊन, खिडक्या उघडून मी पांघरूण घडी करायला खोलीत परत येते. तेवढ्या वेळात नाक पुन्हा कामावर रुजू झालेलं असतं, आणि उशी उचलताच रात्री हरवलेला वाळा कसा स्पष्ट येतो. खांदे खाली येतात, डोळे जड होतात, इतकी सुरेख, आयती झोप येते. मी घड्याळाकडे बघते. उशीर झालेला असतो.