काकू, हल्ली काय बघितलंत?

कोथरूडमधलं आमचं पोळीभाजी केंद्र सोमवारी बंद असतं आणि सोमवारी मी सिनेमा बघते, हे आता सगळ्या गिऱ्हाइकांना ठाऊक आहे. त्यामुळे "काकू, हल्ली काय बघितलंत? आम्ही काय बघू?" हा प्रश्न रोज कोणीतरी विचारतंच. रांगेत दहा माणसं उभी असताना "छान होता" याच्यापुढे बोलणं होत नाही. आज तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' अजून डोक्यातून जात नाही. त्याची दिग्दर्शिका पायल कपाडिया आपल्या लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेली. २०२४ साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात या सिनेमाला 'ग्राँ प्री' हा पुरस्कार मिळाला. मुंबईत नर्स असलेल्या प्रभाचा नवरा जर्मनीत आहे, वर्ष उलटलं तरी फोन नाही. एक दिवस पार्सलनं भाताचा कुकर येतो. लाल, नवाकोरा. पाठवणाऱ्याचं नाव नाही. रात्री सगळं निजानीज झाल्यावर ती स्वयंपाकघरात खाली बसते आणि त्या कुकरला मिठी मारते. माझा सगळा जन्म कुकरच्या शिट्ट्या मोजण्यात गेला, पण त्या भांड्यात एवढं एकटेपण मावेल असं कधी वाटलं नव्हतं. छाया कदमची पार्वती हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात राबते, आणि कागद नाहीत म्हणून तिला चाळीतली खोली सोडावी लागते. आमच्याकडे पोळ्या लाटायला येणाऱ्या बायकांचीही हीच धास्ती असते; मालक कधी खोली सोडा म्हणेल याचा नेम नाही.

'स्थळ' मात्र बघायलाच हवा, विशेषतः घरात लग्नाची मुलगी असेल तर. विदर्भातलं कापूस पिकवणारं गाव. सविता स्टुलावर बसते, समोर पुरुषांची रांग, आणि दर वेळी तेच प्रश्न. नाव काय, उंची किती. दिग्दर्शक जयंत सोमलकरांनी हा कार्यक्रम पुन्हा पुन्हा दाखवलाय, आणि मला ते फार बरोबर वाटलं. नकाराची सवय होत नाही, हे एकदा दाखवून कळलं नसतं. 'बघण्याच्या' कार्यक्रमासाठी पोह्यांची ऑर्डर आमच्याकडेही येते. हा सिनेमा बघितल्यापासून ते पोहे डब्यात भरताना मी त्या मुलीचा विचार करते.

'सबर बोंडं'बद्दल काही जण दबक्या आवाजात विचारतात. त्यात दोन पुरुषांचं प्रेम आहे, म्हणून. वडील गेल्यावर आनंद दहा दिवसांसाठी मुंबईहून गावी येतो, तिथे त्याला लहानपणीचा मित्र भेटतो. मला लक्षात राहिली ती आई. मुलाचं सगळं तिला माहीत आहे आणि ती त्याच्या बाजूनं उभी आहे. सबर बोंडं, म्हणजे निवडुंगाची फळं, लहानपणी आम्हीही खायचो. वरची बारीक कुसं गोणपाटावर घासून काढायची, तरी एखादं बोटात राहायचंच, आणि जीभ लालभडक व्हायची. कुणासाठी तरी ती काढून आणणं म्हणजे काय, हे ज्यानं खाल्लंय त्यालाच समजेल. बेलाशक बघा, आईला घेऊन बघा.

'परफेक्ट डेज'मधला टोकियोचा सफाई कामगार रोज पहाटे मशीनमधून कॉफीचा डबा काढतो आणि कामाला लागतो. शांत सिनेमा आहे, आवडला. तलवारी आणि घोषणांचा एक मोठा चित्रपटही बघितला, पण तीन तासांत एवढ्या सैन्याला जेवायला कोण घालतं ते एकदाही दिसलं नाही. माझं मन रमलं नाही.

आणि 'संत तुकाराम' पुन्हा बघितला. १९३६ सालचा, दामले-फत्तेलालांचा, आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे त्याच जागेत प्रभातनं केलेला. लोक विष्णुपंत पागनिसांचं नाव घेतात, ते खरंच आहे. पण मला गौरीबाईंची जिजाई दिसते. घरात दाणा नाही, नवरा भजनात, पोर आजारी. ती तडक देवळात जाते आणि विठ्ठलापुढे पायताण उगारते. तिचा विठ्ठलावर विश्वास नसता तर ती भांडायला गेली असती का? चूल पेटवण्याची जबाबदारी जिच्यावर आहे तिचा राग इतका खरा मी दुसऱ्या कुठल्या सिनेमात बघितलेला नाही.

येत्या सोमवारी स्मिता पाटीलचा 'उंबरठा' पुन्हा लावणार आहे. मंगळवारी विचारा.