पडावं तर कर्ट हेनिगसारखं

टीव्हीवरची अमेरिकन कुस्ती खोटी असते हे मला कुणी सांगायला येऊ नये. ते ती चालवणाऱ्या खुद्द डब्ल्यूडब्ल्यूएफ (आताची डब्ल्यूडब्ल्यूई) कंपनीनेच १९८९ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या सिनेटला सांगून टाकलेलं आहे. राज्याच्या क्रीडा आयोगाचे नियम आणि कर मागे लागू नयेत म्हणून कंपनीने कबूल केलं, की आमच्याकडे चालते ती स्पर्धा नव्हे, करमणूक. पैशांचा प्रश्न आला की भलीभली गुपितं फुटतात.

आपल्याकडे केबल आली ती त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, आणि ही बातमी काही तिच्याबरोबर आली नाही. त्यामुळे हल्क होगनचा ठोसा खरा की खोटा यावरून आमच्या गल्लीत खऱ्याखुऱ्या मारामाऱ्या होत. मग या पैलवानांची ट्रम्प कार्डं आली. रँक, उंची, वजन, छाती, बायसेप्स, किती फाइट्स लढला, किती जिंकला. अवाढव्य योकोझुनाचं कार्ड ज्याच्या हाती, तो डोळे मिटून ‘वजन’ पुकारायचा आणि समोरच्याचं कार्ड ओढून घ्यायचा. त्या कार्डांवर सगळं होतं. फक्त ‘हा माणूस पडतो कसा’ याचा रकाना नव्हता. आता त्याच मॅचेस पुन्हा बघताना मला सगळ्यात आधी तोच रकाना भरावासा वाटतो.

कोण जिंकणार हे तेव्हा त्या पैलवानांना माहीत होतं, आता मलाही माहीत आहे. निकालाची उत्सुकता संपली की नजर आपोआप वर असलेल्या माणसावरून खाली पडलेल्याकडे जाते. ठोसा मारणारा काय करतो? हात फिरवतो आणि आवाजासाठी पाय आपटतो. तो ठोसा लागला की नाही, किती लागला, कुठे लागला, हे सगळं खाणारा ठरवतो. त्यांच्या धंद्यात याला ‘सेल करणं’ म्हणतात. आणि पडणं काही फुकटचं नसतं. रिंग म्हणजे लोखंडी सांगाडा, त्यावर फळ्या, फळ्यांवर जेमतेम गादी आणि वरून ताणलेलं कॅनव्हास. हनुवटी छातीला टेकवायची, पाठ सपाट टाकायची आणि तळहात आपटून धक्का वाटून द्यायचा. हे आठवड्यातून चार-पाच रात्री, नव्या नव्या गावात, वर्षानुवर्षं. खोट्या कुस्तीतल्या माणसांच्या खऱ्या पाठी गेल्या त्या अशा.

या पडण्यातला बादशहा म्हणजे ‘मिस्टर परफेक्ट’, कर्ट हेनिग. खांद्यावरचा टॉवेल मागे न बघता भिरकावून पाठीशीच झेलायचा, तोंडातलं च्युइंगगम उडवून हवेतच तळहाताने टोलवायचं. हा सगळा तोरा लहानपणीही आवडायचा. तेव्हा ध्यानात यायचं नाही ते हे, की मॅच सुरू झाली की हाच माणूस समोरच्याच्या प्रत्येक फटक्याला दुप्पट किंमत देतो. केस धरून फेकलं तर अख्खा गिरकी घेतो. कोपऱ्यातल्या खांबावर आदळला तर असा उसळतो, की मारणाऱ्याच्या अंगात दहा रेड्यांचं बळ असावं. कधीकधी जरा जास्तच करतो, हे मान्य. पण नवा, अर्धाकच्चा पैलवानही त्याच्यासमोर पंधरा मिनिटांत हिरो दिसायला लागतो.

त्याची जी मॅच मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली ती १९९१च्या समरस्लॅम या वार्षिक कार्यक्रमातली, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधली. इंटरकॉन्टिनेंटल बेल्ट, म्हणजे कंपनीचं दुसऱ्या मानाचं विजेतेपद, परफेक्टकडे, समोर ब्रेट हार्ट. ब्रेट तोपर्यंत जोडीत लढणारा, गुलाबी-काळ्या कपड्यांतला गुणी मुलगा. एकट्याच्या जिवावर हा चालेल का, याची कंपनीलाही खात्री करून घ्यायची होती. हेनिगची पाठ तेव्हा खरोखरच निकामी होत आली होती. तो घरी बसला असता तरी कुणी नावं ठेवली नसती. तो आला, उसळला, आपटला, कोलांट्या खाल्ल्या, आणि शेवटी जमिनीवर पडलेल्या ब्रेटने त्याचा पाय पकडून उलटा फिरवत शार्पशूटर हा पायाचा डाव लावला तेव्हा आरडाओरडा करत हरला. ब्रेटचे आईवडील प्रेक्षकांत बसले होते. ब्रेट त्यांना मिठी मारायला गेला, सगळं गार्डन त्याच्याकडे बघत होतं. हेनिग त्यानंतर वर्षभराहून अधिक काळ रिंगमध्ये लढू शकला नाही. आधी ही हकिकत वाचायची आणि मग मॅच बघायची, मग त्यातल्या प्रत्येक आपटण्याला आपल्याच कमरेत कळ येते. चाळिशीनंतर तर येतेच येते.

कोल्हापूरच्या खासबागेत पाठ टेकली की खेळ खलास. लाल मातीतला पैलवान चीतपट होऊ नये म्हणून मानेवर उभा राहील, पण पाठ लागू देणार नाही. त्या मातीत वाढलेल्या माणसांना टीव्हीवरचा हा तमाशा बघून राग यायचा तो रास्तच होता. पाठ टेकण्याचाच पगार घेणारा पैलवान त्यांनी समजून तरी कसा घ्यायचा?

लहानपणी आम्हाला आवडायचे ते मात्र काहीही न लागणारे. अल्टिमेट वॉरियर दोऱ्या गदागदा हलवायला लागला की त्याच्यावर पडणारे ठोसे म्हणजे पावसाचे थेंब. आता तो फार कंटाळवाणा वाटतो. अंडरटेकरचं प्रकरण वेगळं. मेलेल्या माणसाला दुखणार कसं? तो सपाट पडायचा आणि कमरेतून ताठ उठून बसायचा. त्याच्या सोबतचा तो पांढराफटक मॅनेजर पॉल बेअरर खऱ्या आयुष्यातही अंत्यसंस्कारांचं रीतसर शिक्षण घेतलेला, परवानाधारक माणूस होता, हे कळल्यावर मला झालेला आनंद कुणाला समजावून सांगता येणार नाही.

वॉरियरची एक मॅच मात्र मी सोडत नाही: १९९१ची रेसलमेनिया (कंपनीचा वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम), लॉस एंजेलिस, समोर रँडी सॅव्हेज, हरेल त्याने निवृत्त व्हायचं. सॅव्हेज मॅचमधली चाल अन् चाल आधी कागदावर मांडणारा माणूस. त्याने हरण्याचा असा काही आराखडा मांडला, की वॉरियरसुद्धा थोर वाटावा. वरच्या दोरीवरून पाच वेळा कोपर मारूनही वॉरियर हरत नाही, तेव्हाचा सॅव्हेजचा चेहरा बघावा. मॅच संपल्यावर त्याची मॅनेजर शेरी त्याला लाथा घालते, आणि दोन वर्षं दुरावलेली एलिझाबेथ प्रेक्षकांतून धावत येऊन तिला बाहेर काढते. मग सॅव्हेज दोऱ्या फाकवून एलिझाबेथला आधी जाऊ देतो. आजवर हे काम ती त्याच्यासाठी करत आलेली असते. कॅमेरा प्रेक्षकांवर फिरतो, तर बाया-माणसं ढसाढसा रडताहेत. त्याच वर्षीच्या समरस्लॅममध्ये कंपनीने या दोघांचं थाटात लग्न लावलं. खरं लग्न १९८४ सालीच झालेलं होतं, आणि खरा घटस्फोट १९९२ साली झाला. यातलं काय खोटं आणि काय खरं, ते न्यू जर्सीच्या सिनेटने ठरवावं.

मॅचइतकाच वेळ माझा मुलाखतींत जातो. या मुलाखतींचं काम एकच, तिकिटं खपवणं. अमुक तारखेला तमुक शहरात तुझी हाडं मोडतो, असं एकेका शहराचं नाव घेऊन हे लोक ओळीने रेकॉर्डिंग करत. त्यामुळे बहुतेकांची एकच पट्टी: डोळे वटारा, शिरा ताणा, ओरडा. वॉरियरने तर १९९०च्या रेसलमेनियाआधी होगनला सुचवलं होतं, की विमानाच्या कॉकपिटचं दार तोड, वैमानिकांना बाजूला कर आणि विमान खाली घाल. हे मी तेव्हाही समजून घेऊ शकलो नाही, आताही नाही. त्या गदारोळात जेक ‘द स्नेक’ रॉबर्ट्स कुजबुजायचा. आवाज इतका खाली, की ऐकायला पुढे झुकावं लागे, आणि पुढे झुकलं की आपण त्याच्या तावडीत. तो पोत्यातून आणायचा त्या सापाची गरजच नव्हती, पण असो, मुलांना साप लागतो.

आणि या सगळ्यांसमोर माइक धरून ‘मीन’ जीन ओकरलंड. टक्कल, मिशी, टक्सेडो, उंची बेताची. एरवी कुणाचं लक्ष जाणार नाही असा माणूस. पण समोरचा बरळायला लागला की याच्या एका भुवईवर सगळं तोललेलं असतं. तो घाबरला म्हणून आपण घाबरतो, तो वैतागला म्हणून हसतो. ठोसा खाणारा जे रिंगमध्ये करतो तेच हा माइकसमोर करत होता, फक्त कपडे न चुरगाळता.

१९९२च्या रॉयल रम्बलवर मी आजवर बरंच काही खरडून ठेवलं आहे आणि ते अजून संपलेलं नाही. १९ जानेवारी, न्यूयॉर्क राज्यातलं ऑल्बनी. मुख्य विजेतेपदाचा बेल्ट रिकामा पडलेला, तीस जण एकामागून एक रिंगमध्ये येणार, दोरीवरून बाहेर गेला तो संपला, शेवटी उरेल तो चॅम्पियन. रिक फ्लेअर तिसऱ्याच नंबरला आला आणि जवळजवळ तासभर आत राहिला. वय बेचाळीस. १९७५ साली विमान कोसळून त्याची पाठ तीन ठिकाणी मोडली होती आणि आता कुस्ती विसरा असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तासभरात त्याने काय केलं? मार खाल्ला. जो आला त्याने आधी फ्लेअरला झोडपलं: बुलडॉग, पायपर, अंडरटेकर, होगन. तो गुडघ्यावर बसून हात जोडतो, मागे सरकत गयावया करतो, दोन पावलं झोकांड्या खाऊन सरळ तोंडावर पडतो, आणि पुन्हा दोरीला लोंबकळत उरतोच. त्या तासात रिंगमधला प्रत्येक माणूस त्याच्यामुळे मोठा दिसला, आणि मोठा दिसलेला प्रत्येक जण बाहेर गेला.

वर कॉमेंट्रीला बॉबी हीनन आणि गोरिला मॉन्सून. हीनन फ्लेअरचा सल्लागार, त्यामुळे तासभर त्याचा जीव टांगणीला. ही जोडी म्हणजे अस्सल बतावणी. मॉन्सून सरळ चेहऱ्याने बोट ठेवणारा, हीनन वाकड्यात शिरणारा. पायपरने फ्लेअरला मारणाऱ्याला बाजूला केलं, तेव्हा हीननने पायपरच्या किल्टची, म्हणजे स्कॉटिश पुरुषांच्या घागऱ्याची, तारीफ केली: तो काही स्कर्ट नव्हे! दुसऱ्या क्षणी पायपरने फ्लेअरलाच ठोकलं आणि किल्टचा पुन्हा स्कर्ट झाला. मी हा तुकडा बसमध्ये बघत होतो. शेजारचे गृहस्थ सरकून बसले.

शेवटी आधीच बाहेर गेलेल्या होगनने रिंगमध्ये उरलेल्या सिड या पैलवानाचा हात बाहेरून धरला, फ्लेअरने मागून सिडला उचलून टाकलं आणि बेल्ट त्याचा झाला. मग ती मुलाखत. घामाने चिकटलेले पांढरे केस, डोळ्यांत पाणी, आयुष्यातला सर्वांत मोठा क्षण वगैरे. मध्येच ओकरलंड कॅमेऱ्याबाहेरच्या कुणावर तरी खेकसतो, ती सिगरेट विझव! आणि पुन्हा गंभीर. ठरवून लिहिलं असतं तर हे इतकं चांगलं जमलं नसतं. फ्लेअरच्या बाजूला सुटाबुटात, हसत हेनिग उभा आहे, पाठीमुळे घरी बसवलेला.

१९९२च्याच ऑगस्टमधल्या, लंडनच्या वेम्बली स्टेडियमवरच्या समरस्लॅमबद्दल इतरांनी भरपूर लिहिलंय. ऐंशी हजार माणसं, ब्रेट विरुद्ध त्याचा मेहुणा ब्रिटिश बुलडॉग. बुलडॉगला सुरुवातीलाच सगळं विसरायला झालं आणि ब्रेटने त्याच्या कानात एकेक चाल सांगत मॅच पार नेली, असं ब्रेटनेच नंतर सांगितलं. पुन्हा पाहाल तेव्हा ब्रेटने मानेला मिठी घातली की त्याचं तोंड कुठे आहे ते पाहा. मेहुण्याला त्याच्याच देशात जिंकवायचं, तेही स्वतः पाठ टेकून!

मी तारे देत नाही. एक ते पाच ताऱ्यांत मॅचेस मोजणारे जाणकार आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण त्यांच्या याद्यांत बॅरी हॉरोविट्झ फारसा भेटत नाही. दर आठवड्याच्या कार्यक्रमात कुठल्यातरी स्टारकडून दोन-तीन मिनिटांत हरणं ही त्याची नोकरी. एखादा डाव जमला की तो स्वतःच हात मागे नेऊन स्वतःची पाठ थोपटायचा, कारण दुसरं कुणी थोपटणार नव्हतं. १९९५ साली कंपनीने त्याला अखेर एकदा जिंकू दिलं, स्किप नावाच्या गड्याविरुद्ध, आणि कॉमेंट्रीवाल्यांनी आकाश डोक्यावर घेतलं. तो विजय मी पाहिला. बरा आहे. पण त्याआधीच्या त्याच्या हारी कितीतरी सरस आहेत, आणि त्या अजून बऱ्याच बघायच्या राहिल्यात.