गॉगलमध्ये वारा नव्हता

गोव्यात पाण्याचा प्रकल्प म्हटलं की लोकांना ओपा नाहीतर साळावली आठवते. आमचा त्यामानाने चिमुकला, नदीकाठच्या उतारावरचा. मी तिथे कनिष्ठ अभियंता. गेल्या डिसेंबरात पुण्याहून दोन पोरं व्हीआर हेडसेटच्या, म्हणजे आभासी जग दाखवणाऱ्या गॉगलच्या, पेट्या घेऊन आली. दोन महिने आधी येऊन त्यांनी सगळ्या आवाराचे 360 अंशांतले फोटो काढून नेले होते आणि त्यावरून आमची क्लोरीनची खोली संगणकात उभी केली होती. दाराआडचा झाडूसुद्धा सुटला नव्हता.

क्लोरीनच का, ते सांगते. एका टोनरमध्ये, म्हणजे आडव्या ठेवलेल्या मोठ्या पोलादी नळकांड्यात, 900 किलो द्रव क्लोरीन असतो. पंप उघडून शिकवता येतो, फिल्टर धुऊन दाखवता येतो, पण गळती काही मुद्दाम करता येत नाही. त्यामुळे आमचा आजवरचा सराव म्हणजे वर्षातून एकदा भोंगा वाजवायचा, सगळ्यांनी फाटकापाशी जमायचं, फोटो काढायचा आणि चहा.

पहिली मी बसले. बसले म्हणजे उभीच, पण डोळ्यांवर ते चढवल्यावर पाय जमिनीवर आहेत की नाही कळेना. समोर टोनर, व्हॉल्व्हपाशी पिवळट-हिरवा धूर. आणि मी काय केलं? भिंतीवरचा पाण्याचा पाईप ओढला. नव्या पोरांना दर वेळी मीच बजावते की गळक्या टोनरवर पाणी मारायचं नाही. ओल्या क्लोरीनचं आम्ल होतं, ते धातू खातं आणि भोक मोठं होतं. तोंडाला पाठ होतं, हातांना नव्हतं. पडदा लाल झाला. मागून शिपाई हसला. हसणारच.

मग आमचे काका. निवृत्तीला सहा महिने उरलेले, सगळी नोकरी याच खोलीत गेलेली. गॉगल नको म्हणत होते, चश्म्यावर बसत नाही ही सबब. शेवटी बसवला. धूर दिसताच ते सरळ दारातून आत गेले, टोनरवर वाकले. श्वसनयंत्र बाहेरच्या खुंटीला तसंच. कोपऱ्यातला हवेतल्या क्लोरीनचा आकडा 10 पीपीएमच्या (दहा लाख भागांत दहा) पुढे गेला आणि पडदा लाल.

"हांव मेलों?" काकांनी विचारलं.

"हो काका," पुण्याचा मुलगा ओशाळून म्हणाला.

काका गॉगल काढून खुर्चीत बसले. म्हणाले, तोंडाला ओला पंचा बांधून आपण कितीदा तरी असेच आत गेलोय. वास कुठून येतो ते नाकाने शोधायचं आणि व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीची ग्लँड आवळायची. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आमच्या नोंदवहीत या गळत्यांसमोर फक्त "दुरुस्त केले" असं लिहिलेलं आहे. मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण त्या नोंदींखाली चार वर्षं माझीही सही आहे.

चहानंतर काका आपणहून उठले. "परत लाव." या वेळी आधी श्वसनयंत्र, मग सोबतीला दुसरा माणूस. आत गेल्यावर विचारलं, "टोनर फिरवायला मिळतो का?" मिळत होता. गळती वरच्या बाजूला येईल असा त्यांनी तो लोळवला. गळती खाली असली तर द्रव सांडतो, आणि एक लिटर द्रवाचा साडेचारशे लिटरच्या आसपास वायू होतो. वर आणली की नुसता वायू निघतो, तोही कमी. मग गळती रोखायच्या किटमधली टोपी व्हॉल्व्हवर बसवून आवळली. अमोनियाची बाटली जवळ नेली, पांढरा धूर आला नाही, म्हणजे गळती थांबली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

उरला शेवटचा भाग: भोंगा झाल्यावर बाहेर पडणं. काका दाराबाहेर येऊन थांबले. डावीकडे मान, उजवीकडे मान.

"बाय, हांगा वारो खंयसून येता?"

वारा नव्हताच. तो टाकायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. काका क्षणभर थांबले आणि फाटकाकडे न जाता वरच्या टाकीच्या पायऱ्या चढू लागले. यंत्राने गुण कापले. जमण्याची जागा चुकली.

मी बाहेर जाऊन उभी राहिले. सकाळचे साडेदहा. वारा घाटाकडून, फाटकाच्या दिशेने. फाटक आवारातली सगळ्यात खालची जागा. क्लोरीन हवेच्या अडीचपट जड. 1915 साली, पहिल्या महायुद्धात, बेल्जियममधल्या ईप्रला त्यानेच खंदक भरले होते. आणि आमची हिरवी पाटी, "आपत्कालीन एकत्र येण्याची जागा", नेमकी त्या खळग्यात, वाऱ्याच्या तोंडावर. पोरांनी ती जशीच्या तशी गॉगलमध्ये उतरवली होती. तिथे धावत गेलेल्यांना पूर्ण गुण.

"दुपारी वारा फिरतो," काका म्हणाले. "समुद्राकडून येतो. तेव्हा टाकीपाशी जायचं नाही, बाजूच्या बांधावर. एका पाटीने भागायचं नाही." मग इतकी वर्षं बोलला का नाहीत, मी विचारलं. "फोटो काढायचा असायचा ना. फाटकाचा फोटो बरा येतो."

पोरांनी गॉगलमध्ये वारा घालायचं कबूल केलं. आमच्याकडे दोन पाट्या आणि वातदर्शकासाठी मी टिपण पाठवलं. ते फिरतंय अजून. काकांनी मात्र दुसऱ्याच दिवशी फिल्टर हाऊसच्या गच्चीवर बांबू बांधून त्याला आपला जुना पंचा अडकवला. रोज कामावर आले की मी आधी तो बघते. सकाळी तो फाटकाकडे फडफडत असतो.