जीव आधी, कुडी मागून

तूर सोंगायला आली तेव्हा आमच्या अभ्यासिकेतल्या चौघांनी ‘एक्लिप्स फेज’ खेळायचं ठरवलं. हा कागदावर आपापलं पात्र रचून, त्याची भूमिका घेऊन बसल्या जागी खेळायचा खेळ. गाव घाटंजी तालुक्यातलं. ओलिताची वीज त्या आठवड्यात रात्रीची होती, म्हणून मी मोटर सुरू करून धुऱ्यावर बसायचो आणि मोबाईलवर नियमांचं पुस्तक वाचायचो. पहिली आवृत्ती 2009 ची, 400 पानांच्या आसपास. कर्त्यांनी ती क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोकळी केली आहे, त्यामुळे एकमेकांना फाईल पाठवताना मनात खोट नव्हती. 2019 च्या दुसऱ्या आवृत्तीत पात्र लवकर तयार होतं. आम्ही मुद्दाम जुनी घेतली आणि पात्र करण्यातच माझे अकरा दिवस गेले.

खेळातलं जग असं : बेफाम झालेल्या यंत्रबुद्धींशी झालेल्या युद्धात पृथ्वी उद्ध्वस्त होऊन दहा वर्षं झालीत. बहुतेक माणसं मेली. वाचलेल्यांतल्या पुष्कळांचं शरीर खालीच राहिलं, फक्त मन उतरवून वर पाठवलं गेलं. मन म्हणजे ‘इगो’, शरीर म्हणजे ‘मॉर्फ’. मन टिकतं, शरीर बदलता येतं.

माझं पहिलं पात्र मी एका रात्रीत उरकलं. पात्र घडवायला जे गुण मिळतात त्यातले 75 मोजून ‘फ्युरी’ नावाचं लढाऊ शरीर घेतलं, उरलेले गुण हत्यारांवर आणि नेमबाजीवर. खेळ चालवणारा माझा मामेभाऊ. त्यानं कागद वाचला नि म्हणाला, “हे त बंदूक झाली बे. माणूस कुठं हाय याच्यात?”

मला उत्तर देता आलं नाही. शरीरापासून सुरुवात केली, तिथंच चुकलं होतं.

शब्दांनीही अडवलं. ‘इगो’ला अहं म्हणावं तर गर्विष्ठपणाचा वास येतो. शेवटी आजीच्या तोंडचे शब्द घेतले, जीव आणि कुडी. ते बसले आणि पुढचं सगळं सोपं झालं. जुनं वस्त्र टाकून नवं नेसणं कीर्तनात ऐकलंय, पण इथं ते नवं वस्त्र उधारीवर मिळतं, हा फरक मला फार मोठा वाटला. ज्यांच्याजवळ कुडी नाही असे निर्वासित जीव कंपन्यांशी करार करतात, वर्षानुवर्षं राबतात, मग त्यांना शरीर मिळतं. हे वाचताना गुढीपाडवा आठवला. त्या दिवशी आमच्याकडे सालगडी ठरतो. माझ्या आजीच्या बापानं आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात साल केलं.

मग पात्र आजीचंच करायचं ठरवलं. नावही तिचंच.

पार्श्वभूमी पृथ्वीवरून निसटलेल्या निर्वासिताची घेतली. सगळ्यांना सुरुवातीला 5,000 क्रेडिट मिळतात, निर्वासिताला 2,500 च. बदल्यात ‘मॉक्सी’ एकने वाढते. मॉक्सीला आम्ही जिगर म्हणतो. विकत घ्यायची तर एकेक जिगर 15 गुणांना पडते, त्यामुळे हा सौदा मला पटला. गट बार्सूमियन, म्हणजे मंगळावरच्या मोकळ्या रानातली, कंपन्यांच्या सत्तेवर चिडलेली माणसं.

सात क्षमतांत 105 गुण वाटायचे, कुठंही 5 पेक्षा कमी नाही नि 30 पेक्षा जास्त नाही. त्यानंतर आणखी 1,000 गुण, त्यातले किमान 400 अंगच्या कामांवर आणि 300 ज्ञानावर घालावेच लागतात. ज्ञानाची ही सक्ती मला सगळ्यात आवडली. तिच्यामुळे पात्राला पोटापाण्याचा धंदा आणि आवडीनिवडी येतात. मी धंद्यात ‘कापसाची शेती’ लिहिलं. हे ज्ञान आकलनाच्या क्षमतेपासून मोजायला लागतात. माझं आकलन 15, तिथून 60 पर्यंत 45 गुण. 60 च्या वर भाव दुप्पट, म्हणून 70 पर्यंत आणखी 20. मंगळावर कापूस नाही, मग 65 गुण कशाला घालतोस, असं एकानं विचारलं. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. तरी मी ते गुण काढले नाहीत.

मातृभाषा मात्र फुकट मिळते. 70 अधिक अंतर्ज्ञानाच्या क्षमतेचा आकडा. माझं अंतर्ज्ञान 20, म्हणून मराठी 90. पृथ्वी गेली, वावर गेलं, आंग गेलं, आणि कागदावर सगळ्यात मोठा आकडा मराठीचा. त्या रात्री मोटर बंद करून घरी आलो तरी झोप लागली नाही.

कुडी शेवटी निवडली. मंगळाच्या हवेला सरावलेली ‘रस्टर’ 25 गुणांना होती. मी 5 गुणांची ‘केस’ घेतली, स्वस्तातली यांत्रिक कुडी. तिला श्वास लागत नाही, पण ती वारंवार बिघडते, आणि तिच्यात कुठलीही क्षमता 20 च्या वर जात नाही. करारावर आलेल्या बाईला तीच मिळाली असती.

दुसऱ्या दिवशी कापूस वेचता वेचता आजीला विचारलं, सगळं आंग बदललं तर तू तूच राहशील का? तिनं बोटं दाखवली, बोंडाच्या वाळक्या टोकांनी ओरखडलेली. मग मनगटावरचं हिरवं गोंदण पुढं केलं.

“सोनंनाणं इथंच रायते बापू. गोंदन तेवढं संगं येते.”

कवटीच्या बुडाशी बसवलेली ‘स्टॅक’, जिच्यात जीव जपून ठेवतात, ती मला तेव्हा समजली.

प्रेरणा तीन लिहायच्या असतात, बाजूने किंवा विरोधात. मी लिहिलं : करारावरच्या जिवांची सुटका, कर्जाला विरोध, आणि गावरान कापसाचं बी शोधणं. आमच्याकडे संकरित बीटी बियाणं दरवर्षी विकतच आणावं लागतं, तेव्हा तिसरी प्रेरणा सुचायला वेळ लागला नाही.

सामानाच्या यादीत शेवटी ‘गोंदण, डाव्या मनगटावर’ लिहून कागद मामेभावापुढं ठेवला. पत्र्याच्या हातावर गोंदण कसं, हे त्यानं विचारलं नाही. गुणही कापले नाहीत.

दहा बाजूंचे फासे आमच्याकडे नव्हते. स्टीलच्या दोन वाट्यांत 0 ते 9 च्या चिठ्ठ्या टाकल्या, एक वाटी दशकाची, एक एककाची. निघालेला आकडा कौशल्याएवढा किंवा त्याहून कमी असला की काम होतं, आणि अशा वेळी दोन्ही अंक सारखे आले तर फार उत्तम होतं. पहिल्याच प्रसंगी मामेभावानं मंगळावरच्या एका बंद गोदामात पोती ठेवली होती. आत काय आहे ते हातानं चाचपून ओळखायचं होतं. मी कापसाच्या शेतीवर चिठ्ठ्या काढल्या. 6 आणि 6.

सरकी होती.