तुम्ही विचारलंत म्हणून: रेडिओवर वळिवड्याचं नाव का घेतलं नाही

"कोल्हापूरची असून पोलंडच्या रेडिओवर वळिवड्याचा एक शब्द काढला नाहीस?" मामांनी विचारलं, वॉर्सातल्या मराठी मंडळींनी विचारलं, शाळेतल्या बाईंनी निरोप धाडून विचारलं. वळिवडे म्हणजे कोल्हापूरजवळचं गाव, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथं पोलिश निर्वासितांची छावणी होती; आणि रेडिओवर मी बोलले ते इथल्या बाजारात, अचानक समोर आलेल्या माइकवर. मामा तर अजून म्हणतात, "आयतं व्यासपीठ मिळालं होतं की गं तुला!" प्रत्येकाला मी वेळ मारून नेणारं काहीतरी सांगितलं. सुचलं नाही, माइक लगेच काढून घेतला, असं काहीबाही. आता एकदाच सविस्तर लिहिते, म्हणजे पुन्हा फोनवर तेच नको.

सुचलं होतं. वेळही होता. आणि तेवढं पोलिश मला येतं.

नाताळच्या आधीचा आठवडा होता. पोलंडमधल्या क्राकुफ शहराच्या स्तारी क्लेपाश बाजारात मी पिएरोगी, म्हणजे सारण भरून उकडलेल्या पोलिश करंज्या, घ्यायला उभी होते. २४ डिसेंबरच्या रात्रीचं जेवण, विगिल्या, पोलंडमध्ये बिनमांसाचं असतं. मासे चालतात, मटण-डुक्कर नाही. एरवी वर्षभर खाणावळीत मला "वर स्क्वार्की घालू नका" असं बजावून सांगावं लागतं, कारण आत नुसता बटाटा, त्वारुग (पनीरसारखं ताजं चीज) आणि परतलेला कांदा असला तरी वरून डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे पडतातच. विगिल्याच्या दिवसांत मात्र आंबवलेला कोबी आणि रानातल्या सुकवलेल्या मशरूमचं सारण भरलेल्या पिएरोगी सगळेच घेतात. मी त्या रांगेत कुणाला काही न समजावता उभी राहू शकते. हे ज्यांनी परदेशात शाकाहार सांभाळलाय त्यांना कळेल.

काउंटरवरची बाई युक्रेनमधून आलेली. तिच्या बोलण्यावरून ते कळतं आणि ती लपवतही नाही. बटाट्याच्या पिएरोगींवर पूर्वी 'रुस्किए' अशी पाटी असायची, ऐकताना ते 'रशियन' वाटतं. २०२२ मध्ये युद्ध पेटलं तशी पोलंडमध्ये बऱ्याच ठिकाणी ती बदलली, तिथंही आता 'युक्रेनी' असं हातानं लिहिलेलं आहे. मी ट्रेकडे बघत होते. पीठ भुरभुरलेल्या त्या अर्धगोल पिएरोगींच्या कडा अंगठ्यानं दाबून बंद केलेल्या असतात, करंजीची मुरड घालायला नवी सून शिकत असावी तशा.

तेवढ्यात स्पंजाची टोपी घातलेला माइक समोर आला. एका रेडिओ केंद्राची तरुण मुलगी बाजारातून थेट प्रक्षेपण करत होती. कुठल्या घेताय? कोबी-मशरूमच्या. घरी का नाही करत? ऑफिस सुटायला सहा वाजतात. हसली. तुमच्या देशात असं काही असतं? मी करंजी सांगितली, उकडीचे मोदक सांगितले, आत ओलं खोबरं आणि गूळ असतो म्हटलं. देश कुठला? भारत.

तेव्हा मागून आवाज आला. म्हातारा माणूस, हातात कापडी पिशवी. ओरडला नाही, पण माइकला ऐकू जाईल इतपत मोठ्यानं म्हणाला, "आधी आपल्या लोकांना मिळू दे."

रांग गप्प झाली. काउंटरवरच्या बाईचा हात तराजूवर थांबला. मी तिच्याकडेच बघत होते म्हणून मला ते दिसलं, रेडिओ ऐकणाऱ्याला दिसलं नाही. ती मुलगी गोंधळली, पण माइक तिनं मागे घेतला नाही. उलट विचारलं, "तुम्हाला यावर काही म्हणायचंय?"

म्हणायचं होतं ना! सगळं एकदम ओठांवर आलं. १९४० आणि ४१ मध्ये सोव्हिएत सत्तेनं तुमची माणसं मालगाड्यांत कोंबून सायबेरिया, कझाकस्तानात नेली. सुटल्यावर ती इराणमार्गे बाहेर पडली. त्यातली पाचेक हजार, बहुतेक बायका आणि पोरं, १९४३ पासून १९४८ पर्यंत माझ्या गावाशेजारी वळिवड्याला राहिली. त्यांच्या शाळा होत्या तिथं, चर्च होतं. माझे पणजोबा त्या छावणीत भाजी घालायचे. आजी सांगायची, त्या बायकांना कोबी केव्हाही हवा असायचा, आणि त्या तो मिठात घालून आंबवतात याचं घरात सगळ्यांना नवल वाटायचं. असं आमचं घर, आणि मी कोबीच्या पिएरोगींसाठी रांगेत उभी. याहून चपखल उत्तर कुठल्या वक्त्याला सुचलं असतं?

मी म्हटलं, "साहेब, ट्रे भरलेला आहे. सगळ्यांना पुरेल." मग काउंटरकडे वळून अर्धा किलो मागितल्या. बाईनं वजन केलं. प्रक्षेपण पुढे चीजच्या दुकानाकडे गेलं.

एवढंच झालं. मामांना तो ट्रे अजून खुपतो.

आता का, ते. मी ते उत्तर दिलं असतं तर त्याचा अर्थ एकच झाला असता: आम्ही तुम्हाला ठेवून घेतलं होतं, तेव्हा आता मला इथं उभं राहू द्या. आणि मग काउंटरपलीकडच्या त्या बाईनं काय दाखवायचं? तिच्या पणजोबांनी कुणाला कोबी घातला होता का, हे शोधून आणायचं? रांगेत उभं राहायला पूर्वजांचं पुण्य लागत असेल तर ज्यांच्याकडे ते नाही त्यांनी कुठं जायचं?

दुसरं, मामा, तुम्ही "आपण त्यांना पोसलं" म्हणता ते तितकंसं खरं नाही. छावणीचा खर्च मुख्यतः लंडनमधून चालणारं पोलंडचं परागंदा सरकार करत होतं. जामनगर संस्थानचे महाराजा जामसाहेब यांनी जवळच्या बालाचडीला पोलिश मुलांना आसरा दिला, ती गोष्ट वेगळी. वॉर्सात त्यांच्या नावानं 'भल्या महाराजांचा' चौक आहे, तो योग्यच आहे. आपल्या पणजोबांनी मात्र कोबी विकला, रोख पैसे घेऊन. त्यात कमीपणा काहीच नाही. शेजारी आलेल्या माणसांशी सरळ व्यवहार केला, त्यांना परकं मानलं नाही, याचा मला अभिमान आहे. फक्त तो उपकार म्हणून सांगायला माझी जीभ वळत नाही.

पण माझी जीभ पूर्वी चांगलीच वळायची, हेही सांगते. पोलंडला नवी आले तेव्हा ऑफिसच्या प्रत्येक जेवणाला मी वळिवडे काढायची. लोक "धन्यवाद" म्हणायचे, एका सहकाऱ्याचे डोळे भरून आले होते. मला ते फार आवडायचं. त्या दिवसांपुरती मी पाहुणी न राहता जणू नात्यातली व्हायचे. तेव्हाची मी आजच्या मला विचारते: तेव्हा आनंदानं सांगत होतीस, मग नेमकं अपमान झाला तेव्हा गप्प का? हे तत्त्व आहे की भीती? तिला देण्यासारखं पक्कं उत्तर माझ्यापाशी नाही. रांगेत भीती होती, हे खरं आहे. त्या माणसाची नव्हे, रांगेतल्या बाकीच्यांची. कोण त्याच्या बाजूनं बोलेल, ही.

आणि तो म्हातारा? त्याच्याच घरातलं कुणी सायबेरियाला गेलं असेल तर? वळिवडे ऐकून तो चमकला असता, कदाचित नरमला असता. पोलंडमध्ये जामसाहेब पुष्कळांना ठाऊक आहेत, कोल्हापूर त्या मानानं कमी. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकापाशी गेले तेव्हा माझ्या इथल्या मित्रांनी पहिल्यांदा ते नाव नीट वाचलं. म्हणजे बोलले असते तर ऐकणाऱ्यांना काही नवं कळलं असतं, हा मामांचा मुद्दा मी खोडू शकत नाही. मला फक्त ते नाव चपराक म्हणून वापरायचं नव्हतं.

त्या रेडिओच्या मुलीनं पुढे माझा पत्ता काढला. बाजारातल्या प्रसंगाबद्दल तिला वाईट वाटत होतं, आणि स्टुडिओत बसून निवांत बोलाल का, असं विचारत होती. मी तिला वळिवड्याबद्दल सगळं लिहून पाठवलं. सोबत एक अट घातली: छावणीत लहानपण गेलेल्या, आता नव्वदीच्या आसपास असलेल्या कुणाला तरी आधी बोलवा, मी त्यांच्या शेजारी बसेन. त्यांच्या आईनं कोबी कुणाकडून घेतला, काय भावानं घेतला, हे मला विचारायचं आहे. तिचं उत्तर अजून आलेलं नाही. आलं की मामांना कळवेन.